सपाट मुलूख, उंच अँटेना आणि मुरणारं पाणी

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात डोंगर नाही, साधी टेकडीही नाही. मग वादळात वीज गेली, मोबाइल मुका झाला, तर एका गावाचा आवाज दुसऱ्या गावापर्यंत पोहोचवायचा कसा? हौशी रेडिओवाल्यांच्या या प्रश्नाचं उत्तर शोधायला तिरुनीलक्कुडीसारखी जागा नाही!

कुंभकोणम मागे टाकून कारैकालच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना एकच दृश्य दिसतं. हिरवीगार भातखाचरं, मधून वाहणारे कालवे, बांधावर नारळाची रांग आणि दूरवर एखाद्या देवळाचं गोपुर. पितळी डबऱ्यातल्या प्रसिद्ध ‘डिग्री कॉफी’ची चव अजून जिभेवर असते आणि पंधरा किलोमीटरच्या आतबाहेर तिरुनीलक्कुडी येतं. जवळच आडुतुरै आहे. तिथल्या भात संशोधन संस्थेनं शोधलेल्या ‘एडीटी’ जातींचं भात तामिळनाडूच्या घराघरांत शिजतं.

तिरुनीलक्कुडी प्रसिद्ध आहे ते नीलकंठेश्वरासाठी. हलाहल पचवणाऱ्या शंकराचं हे देऊळ. शैव संत अप्पर यांनी या स्थानाची स्तुती गायली आहे. इथल्या शिवलिंगावर तिळाच्या तेलाचा अभिषेक होतो आणि ते सगळं तेल लिंगात मुरतं, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

मराठी माणसाला हा मुलूख परका वाटू नये. गाव तिरुविडैमरुदूर तालुक्यातलं. तंजावरचे भोसले राजे अमरसिंह यांना 1798 मध्ये इंग्रजांनी गादीवरून दूर केलं, तेव्हा ते याच तिरुविडैमरुदूरला येऊन राहिले. त्यांच्या जागी आले सरफोजी दुसरे, सरस्वती महाल ग्रंथालयाला वैभव मिळवून देणारे विद्याव्यासंगी राजे. त्यांच्याच कारकिर्दीत या सपाट मुलखात उंची शोधण्याचा एक विलक्षण प्रयोग घडला. पण त्याआधी थोडं रेडिओविषयी.

ऐकतो आणि पुन्हा सांगतो!

हॅम रेडिओ म्हणजे हौशी माणसांचा रेडिओ. सरकारी परीक्षा द्यायची, दूरसंचार खात्याचा परवाना घ्यायचा आणि घरच्या संचावरून जगभरातल्या हॅम मंडळींशी बोलायचं. बारा वर्षांच्या मुलालाही ही परीक्षा देता येते. राजीव गांधीही परवानाधारक हॅम होते.

लांबच्या देशाशी बोलायचं तर लघुलहरी लागतात. त्या आकाशातल्या आयनांबरावरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटर जातात. पण जिल्ह्यातल्या जिल्ह्यात, हातातल्या छोट्या संचावरून बोलायचं असेल तर साधारण दोन मीटर लांबीच्या लहरी वापरतात. या लहरी मोठ्या सरळमार्गी! जवळपास नजरेसारख्याच सरळ रेषेत जातात. पृथ्वीची गोलाई आडवी आली की संपलं.

इथे कामाला येतो रिपीटर. उंच जागी बसवलेलं हे यंत्र एका कंपनसंख्येवर आलेलं बोलणं ऐकतं आणि त्याच क्षणी दुसऱ्या कंपनसंख्येवर, अधिक ताकदीनं पुन्हा प्रक्षेपित करतं. रिपीटरचं सगळं यश त्याच्या अँटेनाच्या उंचीत असतं.

महाराष्ट्रात हा प्रश्न तसा सोपा आहे. सह्याद्रीनं शिखरं आयती दिली आहेत. पुण्याजवळ सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा उभा आहे, तो याच कारणासाठी. तिरुनीलक्कुडीत मात्र जमीन तळहातासारखी. उंची इथे मिळत नाही, ती बांधावी लागते.

किती बांधायची? एक सोपा हिशोब आहे. मनोऱ्याच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला चारनं गुणायचं. उत्तर येईल तितके किलोमीटर लहरी ढोबळमानानं पोहोचतात. हातात संच घेऊन उभ्या असलेल्या माणसाची रेडिओची नजर जेमतेम पाच किलोमीटर. असे दोघं एकमेकांशी फार तर दहा किलोमीटरवरून बोलतील. पण मध्ये तीस मीटर उंच मनोऱ्यावर रिपीटर असेल, तर तो बावीस आणि माणूस पाच, मिळून सत्तावीस किलोमीटर! म्हणजे तिरुनीलक्कुडीहून एका बाजूला कुंभकोणम आणि दुसऱ्या बाजूला मयिलाडुतुरै, दोन्ही टप्प्यात येतात. नागपट्टिणमचा किनारा मात्र चाळीस किलोमीटरच्या पलीकडे आहे. तिथल्या केंद्राला आपलीही अँटेना तीस मीटरवर चढवावी लागेल, आणि तरीही संभाषण काठावरच राहील.

बरं, मनोरा दुप्पट उंच केला म्हणून टप्पा दुप्पट होत नाही. दुप्पट टप्प्यासाठी चौपट उंची लागते आणि चौपट उंचीचा खर्च चौपटीवर थांबत नाही!

तंजावरच्या विमानावरचा अपघात

नेमकी हीच अडचण दोनशे वर्षांपूर्वी विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्यापुढे होती. त्यानं 1802 मध्ये मद्रासहून भारताच्या मोजणीचं प्रचंड काम सुरू केलं. पद्धत त्रिकोणांची. एका उंच जागेवरून दुसरी उंच जागा दुर्बिणीतून पाहायची आणि कोन मोजायचा. कावेरीच्या सपाट मुलखात डोंगर नाहीत म्हणून त्यानं देवळांचे उंच कळस निवडले.

1808 मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या विमानावर त्याचा थिओडोलाइट चढवण्यात येत होता. सुमारे अर्धा टन वजनाचं हे यंत्र इंग्लंडमध्ये खास बनवून घेतलेलं. भिंतीवरच्या शिल्पांना ते धडकू नये म्हणून एका दोरानं बाहेर ओढून धरलं होतं. तोच दोर तुटला! यंत्र भिंतीवर आदळलं आणि कोन मोजण्याची अचूक तबकडी वाकली. लॅम्बटननं तंबूत बसून, तबकडी ताणून-ठोकून, सहा आठवड्यांत ती पुन्हा कामाला लावली. पुढे हाच लॅम्बटन 1823 मध्ये मोजणी करता करता वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची समाधी तिथेच आहे.

बृहदीश्वराचं विमान सुमारे 66 मीटर, तर कुंभकोणमच्या सारंगपाणी मंदिराचं अकरा मजली गोपुर सुमारे 53 मीटर उंच आहे. वरचा हिशोब लावला तर चाळीस किलोमीटर अंतरावरची ही दोन शिखरं रेडिओनं एकमेकांशी सहज बोलू शकली असती. अर्थात देवळावर अँटेना ठोकण्याचा विचारही कुणी करू नये. बृहदीश्वर तर जागतिक वारसा आहे. त्यामुळे मनोरा आपला आपणच उभारायचा.

सरफोजींनीही एक मनोरा उभारला होता. नेपोलियनच्या पराभवाची आठवण म्हणून 1814-15 मध्ये समुद्रकाठी बांधलेला आठ मजली ‘मनोरा’ आजही पट्टुक्कोट्टैजवळच्या किनाऱ्यावर आहे. तामिळ माणसंही त्याला मनोराच म्हणतात!

कुठली अँटेना निवडावी?

घराच्या गच्चीवर पूर्वी दिसायची तशी, काट्याकाट्यांची यागी अँटेना रिपीटरला चालत नाही. ती एकाच दिशेला ऐकते. रिपीटरला चहूकडचं ऐकायचं असतं. त्यासाठी मुख्यतः दोन प्रकार आहेत.

पहिला फायबरग्लासच्या उभ्या नळीचा. आत तांब्याच्या तारांचे तुकडे एकावर एक जोडलेले असतात. दिसायला सुटसुटीत, वाऱ्याला फारशी आडवी न येणारी. पण उन्हानं वर्षानुवर्षं नळीचा वरचा थर झिजतो, धागे उघडे पडतात आणि ओल आत शिरते. शिवाय वाऱ्यात नळी सतत डोलते, त्यामुळे आतले डाग दिलेले सांधे तडकतात. बाहेरून सगळं ठीक, आतून मात्र खरखर!

दुसरा प्रकार उघड्या डायपोलचा. एका दांड्यावर धातूची लांबट कडी चार ठिकाणी बसवलेली असतात. ही अँटेना जड असते, वाराही जास्त झेलते, म्हणून मनोरा मजबूत लागतो. पण सगळे भाग डोळ्यांना दिसतात आणि एखादा बिघडला तर तेवढाच बदलता येतो. तिची कडी धातूनं थेट दांड्याला जोडलेली असल्यामुळे विजेचा भार जमिनीकडे जायला वाट मिळते. वादळी किनारपट्टीजवळ, दुरुस्तीला माणूस रोज मिळणार नाही अशा ठिकाणी, ही दुसरी अँटेनाच अधिक भरवशाची.

‘जास्त गेन’ची अँटेना घ्यावी का? गेन वाढतो म्हणजे ताकद नव्यानं निर्माण होत नाही. लाटलेल्या पोळीसारखा लहरींचा पसारा चपटा होऊन क्षितिजाकडे पसरतो, एवढंच. उंच डोंगरावर हे त्रासाचं ठरतं, कारण लहरी पायथ्याच्या गावांच्या डोक्यावरून निघून जातात. तिरुनीलक्कुडीसारख्या सपाट प्रदेशात मात्र ती फायद्याची.

कुठंतरी पाणी मुरतंय!

आता खरा शत्रू. ईशान्य मोसमी पाऊस इथे ऑक्टोबर ते डिसेंबर कोसळतो. समुद्र फार दूर नाही, हवेत खारटपणा. मराठीत संशय आला की आपण म्हणतो, ‘कुठंतरी पाणी मुरतंय!’ अँटेनाच्या बाबतीत ही म्हण अक्षरशः खरी आहे.

पाणी शिरतं ते केबलच्या जोडातून. एकदा थेंब आत गेला की तारांच्या विणीतून तो दिव्याच्या वातीत तेल चढावं तसा दूरवर पसरतो. तांबं काळं पडतं, ताकद वाटेतच जिरते आणि रिपीटर बहिरा होतो. उपाय स्वस्त आहे. जोडावर आपोआप एकजीव होणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळायची, तीही खालून वर. म्हणजे वरचा पदर खालच्यावर येतो आणि कौलांवरून ओघळावं तसं पाणी ओघळून जातं. त्यावर उन्हापासून रक्षण म्हणून साधी काळी चिकटपट्टी. केबल खोलीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यायचा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, खोलीत जात नाही. फायबरग्लास नळीच्या बुडाशी निथळण्यासाठी छिद्र असतं. अतिउत्साहात तेही बुजवणारे महाभाग असतात. मग आत साचलेल्या दमटपणाला बाहेर पडायला वाटच उरत नाही.

दुसरा शत्रू गंज. तांबं आणि अॅल्युमिनियम एकमेकांना थेट टेकले आणि त्यावर खारी हवा लागली की अॅल्युमिनियम खाल्लं जातं. गंजलेला नट-बोल्ट तर आणखी चावट. रिपीटर एकाच वेळी बोलतो आणि ऐकतो. मनोऱ्यावरचा गंजका सांधा त्याच्या बोलण्यातूनच नवी खरखर तयार करतो आणि त्याच्याच कानात ओततो!

तिसरा शत्रू वीज. मैलोगणती सपाट शेतात सर्वांत उंच वस्तू आपला मनोरा असेल, तर वीज पाहुणी येणारच. म्हणून केबलचं बाहेरचं आवरण वर आणि खाली, दोन्ही ठिकाणी जमिनीशी जोडतात, खोलीच्या तोंडाशी विजेचा झटका अडवणारं उपकरण बसवतात आणि अर्थिंगच्या सळया ओल्या मातीत खोल ठोकतात. निदान ओल्या मातीची इथे वाण नाही.

गजाची रात्र

हे सगळं एवढ्या काळजीनं का करायचं? 16 नोव्हेंबर 2018 ची पहाट याचं उत्तर देते. ‘गजा’ चक्रीवादळ नागपट्टिणम आणि वेदारण्यमच्या दरम्यान किनाऱ्यावर चढलं. ताशी शंभर किलोमीटरहून जोरदार वारा होता. लाखो नारळाची झाडं उन्मळली, हजारो विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे मनोरे बंद पडले. काही गावांत वीज यायला आठवडे लागले. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. साठच्या वाऱ्यात ठाम उभा असलेला मनोरा एकशेवीसच्या वाऱ्यात चौपट मार खातो. मनोऱ्याचे ताण, म्हणजे तोल धरणाऱ्या तारा, अशा रात्री कसोटीला लागतात.

त्याआधी 26 डिसेंबर 2004 ची त्सुनामी. एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसं गेली. त्या वेळी दिल्लीच्या भारती प्रसाद आपल्या हॅम मंडळींसह अंदमानात होत्या. पोर्ट ब्लेअरहून जगभरच्या हौशींशी बोलण्याचा उपक्रम चालू होता. बेटांचा संपर्क तुटला आणि हौसेसाठी मांडलेलं तेच केंद्र निरोपांचं केंद्र बनलं. नातेवाइकांची खुशाली, मदतीच्या मागण्या त्या संचावरून जाऊ लागल्या. हे काम लघुलहरींवर चाललं. पण लांबून आलेला निरोप गल्लीबोळातल्या स्वयंसेवकापर्यंत न्यायला जवळचं जाळं लागतं. ते काम रिपीटरचं, आणि वीज गेली तरी बॅटरीवर चालणाऱ्या रिपीटरचं.

तामिळ पंचांगात ऑक्टोबरच्या मध्याला ऐप्पसी महिना लागतो. झडीचा पाऊस म्हणजे ऐप्पसीचा, असं इथे लहान पोरही सांगेल. दरवर्षी तो उजाडण्याआधी कुणीतरी पट्टा कमरेला बांधून मनोऱ्यावर चढायला हवं. जोडांवरची पट्टी सुटली का, बोल्ट गंजले का, ताण सैल पडले का, हे हातानं चाचपून पाहायला हवं. अर्ध्या टनाचं अचूक यंत्र तंजावरला एका दोरापायी वाकलं होतं. तिरुनीलक्कुडीच्या नीलकंठाच्या गाभाऱ्यात तेल खुशाल मुरो. केबलच्या जोडात मात्र पाण्याचा एक थेंबही मुरता कामा नये!