बियाण्याचा मुळा

दिवाळी सरली की नाशिकची पहाट गारठते. निफाडच्या द्राक्षबागायतदारांचे डोळे पाऱ्याकडे लागतात, कारण थंडी फार उतरली तर मणी तडकतात. त्याच थंडीत परसातला मुळा मात्र खुलतो. दहा ते पंधरा अंशांच्या हवेत तो पोसतो, रसाळ होतो, त्याचा तिखटपणा जिभेला सोसेल इतकाच राहतो. उकाड्यात हाच मुळा लवकर जून होतो आणि नाकात झिणझिण्या आणतो. ‘पुसा चेतकी’ हा वाण उन्हाळ्यातही येतो, त्यामुळे मंडईत मुळा आता बारमाही दिसतो. ती सोय खरीच. तरी मार्गशीर्षातल्या गावठी मुळ्याची, दह्यात कालवलेली कोशिंबीर ज्याने खाल्ली आहे, तो हिवाळ्याची वाट पाहतोच.

पेरणीत अवघड काही नाही. मुळ्याचे रोप उपटून दुसरीकडे लावले की सोटमूळ दुखावते, म्हणून बी जागच्या जागीच टोकायचे. नाशिकच्या काळ्या, चिकट मातीत मुळा सरळ उतरत नाही, त्याला फाटे फुटतात. कच्च्या शेणखतानेही तेच होते. उंच गादीवाफा, त्यात थोडी वाळू आणि पुरते कुजलेले खत एवढी तयारी पुरते. गच्चीवर फूटभर खोल क्रेट चालतो. चार-पाच दिवसांत बदामी आकाराची जोडपाने वर येतात. मग विरळणी करायची, वीतभर अंतरावर दोन रोपे राहतील अशी. उपटलेल्या कोवळ्या पाल्याची पीठ पेरून भाजी होते. दीड महिन्यात मुळे काढणीला येतात.

बहुतेकांची बाग इथे संपते. गावठी वाण राखणाऱ्याची इथून सुरू होते.

स्वयंपाकघराची नजर वाफ्यातला सगळ्यात देखणा मुळा आधी उचलते. मागे उरतात ते किडके, वाकडे, आणि घाई करून फुलोऱ्यावर आलेले. बी धरायला तेच ठेवले, तर पुढच्या वर्षी मुळा पोसण्याआधीच दांडा वर काढतो. अशी चार-पाच वर्षे गेली की चांगला वाण घरातल्या घरात बिघडतो. म्हणून उलटे करावे लागते. सरळ, भरदार, उशिरा फुलणारे मुळे उपटून पाहायचे, शेंडा थोडा छाटायचा, मधला कोंब राखून पाला आखूड करायचा आणि ते पुन्हा मातीत लावायचे. ताटातला उत्तम घास असा जमिनीला परत देणे सोपे नाही.

माघात मुळा खाऊ नये, असा जुना नेम काही घरांत आजही पाळतात. त्यामागचे कारण काहीही असो, शेतीच्या अंगाने तो फार शहाणा वाटतो. त्या सुमारास मुळ्याला आतून जाळी धरू लागते आणि दांडा फुटतो. खाण्यात मजा नसते, पण राखण्यात सारे काही असते.

पांढरी-जांभळट, चार पाकळ्यांची फुले उमलली की मधमाश्या येतात. त्यांच्यावाचून गत्यंतर नाही, कारण मुळ्याचे फूल स्वतःच्याच झाडाचा पराग सहसा स्वीकारत नाही. एकटा मुळा कितीही उत्तम असला तरी त्याला बी जवळजवळ धरतच नाही. दहा-वीस झाडे तरी एकत्र फुलायला हवीत. शिवाय माशी कुंपण मानत नाही: प्रमाणित बियाण्यासाठी दोन वाणांत एक हजार मीटर अंतर राखतात. गंगापूर रोडच्या एखाद्या बंगल्याला हे अंतर कुठून मिळणार? त्यावर शेजाऱ्यांशी बोलणे हाच उपाय; एका गल्लीने त्या वर्षी एकच वाण फुलू द्यायचा. दुकानातून आणलेले संकरित बी या कामाचे नाही, त्याची पुढची पिढी एकसारखी येत नाही.

बियाण्याचे हे सामाजिक अंग नाशिकला नवे वाटायला नको. सिन्नर ओलांडून पलीकडे गेले की अकोले तालुका लागतो. तिथल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वालाघेवड्यासारखे गावठी वाण गोळा केले, घरात बियाणे बँक उभारली, बायकांना बी वाटले; २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. २००१ चा वाणसंरक्षणाचा कायदाही शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, देण्याघेण्याचा हक्क देतो.

शेंगा धरल्यावर मोह पुन्हा होतो. कोवळ्या डिंगऱ्यांची भाजी कुणाला नको असते? उशिरा आलेल्या, शेंड्याकडच्या डिंगऱ्या खुशाल खाव्यात; खालच्या, आधी भरलेल्या तशाच राहू द्याव्यात. त्या पिवळ्या पडून कडक वाळल्या की कापायच्या. मोहरीच्या शेंगेसारखी ही शेंग आपोआप तडकत नाही, भुसभुशीत सालीत बी घट्ट धरून ठेवते. म्हणून बडवून, पाखडून ते वेगळे करावे लागते. तांबूस बी कोरड्या डब्यात चारेक वर्षे उगवणशक्ती टिकवते. घरच्या वाफ्याला चमचाभर पुरते. बाकीच्याच्या पुड्या बांधून, वरती वाण आणि वर्ष लिहून, पुढच्या दिवाळीआधी गल्लीत पोचवायच्या.