रामघाट आणि पदवीनंतरची वाट

उज्जैनला जाणारा मराठी माणूस आधी महाकालाचे दर्शन घेतो, मग हरसिद्धीला जातो आणि तिथून पायीच क्षिप्रेवर येतो. हरसिद्धीच्या अंगणातल्या दोन उंच दीपमाळा पाहिल्या की आपल्याला जोतिबाची, जेजुरीची आठवण होते आणि परमुलखात आल्याचे अर्धे दडपण तिथेच जाते. पुढे गल्ली संपते आणि नदी समोर येते. हाच रामघाट.

घाट लांबलचक आहे. दगडी पायऱ्या, त्यांच्या अंगाखांद्यावर उभी असलेली लहान लहान देवळे, छत्रीखाली बसलेले पंडे, फुलांच्या आणि दिव्यांच्या टोपल्या घेतलेल्या बायका, आणि पलीकडच्या काठावर दत्त आखाडा. पावसाळ्यात नदी फुगली की ही देवळे पाण्यात जातात. पाणी ओसरले की गाळ काढून पुन्हा पूजा सुरू होते. सिंहस्थात या पायऱ्यांवर पाऊल ठेवायला जागा नसते. मागचा सिंहस्थ २०१६ साली झाला, पुढचा २०२८ साली आहे. एरवी मात्र सकाळी घाट निवांत असतो. कुणी तर्पण करतो, कुणी पोहतो, कुणी नुसताच बसून असतो. संध्याकाळी आरती झाली की द्रोणातले दिवे पाण्यावर सोडतात. हे पाणी सगळे क्षिप्रेचे असते असेही नाही. उन्हाळ्यात नदी आटते म्हणून २०१४ सालापासून नर्मदेचे पाणी उचलून क्षिप्रेत सोडण्याची सोय झाली आहे. भाविकाला त्याचे काही वाटत नाही. तो क्षिप्रा म्हणूनच डुबकी मारतो.

उज्जैनचे आणि आपले नाते जुने आहे. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांच्या काळात त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचे देऊळ पुन्हा उभे केले. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरला बस्तान हलवीपर्यंत शिंदेशाहीचे मुख्य ठाणे उज्जैनच होते. बाजारातले गोपाळ मंदिर बांधले ते दौलतरावांच्या पत्नी बायजाबाईंनी. या बायजाबाई आपल्या कागलच्या घाटग्यांची लेक. कागलहून निघालेली मुलगी माळव्यात देऊळ बांधते, हे तिथे उभे राहून आठवले की ऊर भरून येतो.

आमच्या कॉलेजच्या इतिहास विभागाची सहल याच शहरात गेली होती. शेवटच्या वर्षाची मुले-मुली होती. अशा सहलीत पहिले दोन दिवस गाणी, भेंड्या आणि फोटो यांत जातात. तिसऱ्या दिवसापासून मुले गप्प होऊ लागतात, कारण परतीची गाडी दिसू लागते आणि त्या गाडीच्या पलीकडे परीक्षा, निकाल आणि "पुढे काय?" हा प्रश्न उभा असतो. रामघाटावर आरतीनंतर सगळे पायऱ्यांवर बसले असताना एका मुलीने तो मोठ्याने विचारला. "सर, बी. ए. झाल्यावर मी काय करू?"

सीमाभागात शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. पण या मुलीची गोष्ट सरळ नव्हती. आई निपाणीकडची, विड्या वळणारी. वडिलांची दीड एकर शेती. शिक्षण सगळे मराठीतून; कन्नड बोलता येते ते बाजारापुरते. कर्नाटकातल्या सरकारी नोकरीचा अर्ज भरायचा तर कन्नडचा पेपर आडवा येतो. महाराष्ट्रात अर्ज करायचा तर पुण्यात राहून वर्षानुवर्षे क्लास करणाऱ्या मुलांशी गाठ. घरचे म्हणतात, डी. एड. कर नाहीतर स्थळ बघतो. तिला स्वतःला वाचनाची, लिहिण्याची ओढ. पण त्यावर पोट भरत नाही हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. "आम्ही नेमके कुठले, हेच कळत नाही सर," असे ती म्हणाली, तेव्हा बाकीची मुलेही सरसावून बसली.

जवळच एक तरुण पंडा आपल्या वह्या बासनात बांधत होता. सकाळीच त्याने आमच्यातल्या एका मुलाच्या भाऊबंदांची नोंद काढून दाखवली होती. यजमानाचे गाव, आडनाव, कोण कधी आले, कुणाचे मुलगे कोण, हे सारे या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या उतरवलेले असते. हा पंडा मराठी यजमानांशी बोलता बोलता चांगले मराठी शिकला होता. मुलांनी त्याला विचारले तेव्हा कळले की तो बी. कॉम. आहे. पदवीनंतर इंदूरला एका कंपनीत गेला, दोन वर्षे राहिला. वडील थकले, वह्या सांभाळायला कोणी उरले नाही, तेव्हा परत आला. सकाळ-संध्याकाळ घाटावर बसतो आणि दुपारी दोन दुकानांचे हिशेब लिहितो. "परत आलात याचे वाईट वाटते का?" असे एका मुलाने विचारले. तो हसून म्हणाला, "ज्या दिवशी यजमान येत नाहीत त्या दिवशी वाटते. पण दुपारचे दुकान आहे ना."

हे उत्तर मला पुस्तकी उपदेशापेक्षा मोलाचे वाटले. आणि त्याच घाटावर मला उज्जैनच्या एका मराठी घराची आठवण झाली. ते घर म्हणजे मुक्तिबोधांचे.

गजानन माधव मुक्तिबोध हे हिंदीतले फार मोठे कवी. जन्म १९१७ सालचा, श्योपूरचा. वडील ग्वाल्हेर संस्थानच्या पोलीस खात्यात, त्यामुळे सतत बदल्या. त्या ओढाताणीत १९३० साली उज्जैनच्या मिडल परीक्षेत हा मुलगा नापास झाला होता. १९३८ साली इंदूरच्या होळकर कॉलेजातून तो बी. ए. झाला. त्या वेळी उज्जैनला विद्यापीठ नव्हते. विक्रम विद्यापीठ स्थापन झाले ते १९५७ साली. हाती पदवी, घरी मराठी, बाहेर हिंदी, आणि डोक्यात कविता. त्याने काय केले? उज्जैनजवळच्या बडनगरला मिडल स्कूलमध्ये मास्तरकी धरली. पुढे शुजालपूर, पुन्हा उज्जैन, बनारस, जबलपूर, नागपूर अशी गावे बदलली. कधी शाळा, कधी मासिक, कधी सरकारी माहिती खाते, कधी आकाशवाणी, कधी साप्ताहिकाचे संपादन. एम. ए. केले ते बी. ए. नंतर पंधराएक वर्षांनी, नागपुरात, संसार आणि नोकरी सांभाळून. कॉलेजातली स्थिर म्हणावी अशी प्राध्यापकी मिळाली ती १९५८ साली, राजनांदगावच्या दिग्विजय कॉलेजात. तेव्हा वय चाळिशी ओलांडून गेले होते. या सगळ्या धावपळीत एक गोष्ट सुटली नाही, ती म्हणजे लिहिणे. १९४३ साली 'तार सप्तक' या गाजलेल्या संग्रहात सात कवी निवडले गेले, त्यांत मुक्तिबोध होते. त्याच सातांत प्रभाकर माचवे हे दुसरे मराठी घरातले कवी होते आणि ते त्या काळात उज्जैनच्या माधव कॉलेजात शिकवीत होते.

पण मुलांना एवढेच सांगितले असते तर ती अर्धीच गोष्ट झाली असती. मुक्तिबोधांचे आयुष्य ओढगस्तीत गेले. ११ सप्टेंबर १९६४ रोजी ते दिल्लीत वारले तेव्हा वय सत्तेचाळीसही पुरे झाले नव्हते. त्यांचा पहिला कवितासंग्रह स्वतःच्या हाताने वाचकांच्या हाती देण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. तेव्हा "मनाचे ऐका, बाकी सगळे आपोआप होते" असे मुलांना सांगणे सोपे असले तरी ते खरे नाही. आईवडील नोकरीचा धोशा लावतात, त्यामागे भीती असते आणि ती भीती खोटी नसते. विड्या वळून मुलीला बी. ए. करणाऱ्या आईला सुरक्षित पगार हवासा वाटला तर तिचे काय चुकले?

त्याच घरात दुसरा मुलगा होता. शरच्चंद्र, गजाननहून तीनेक वर्षांनी धाकटा. या दोघांच्या आईला प्रेमचंदांच्या कथांची गोडी होती आणि तिनेच आपल्याला प्रेमचंदांचे भक्त केले असे थोरल्याने लिहून ठेवले आहे. थोरला हिंदीत गेला. धाकट्याने मराठी धरली. शरच्चंद्र नागपुरात आले, पुढे मराठीचे प्राध्यापक झाले, नव्या मराठी कवितेतले एक महत्त्वाचे नाव झाले. १९७९ साली त्यांच्या समीक्षाग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांनी तीन कादंबऱ्यांची एक मालिका लिहिली. पहिलीचे नाव 'क्षिप्रा', दुसरीचे 'सरहद्द'. क्षिप्रेच्या काठावर बसलेल्या सीमाभागातल्या मुलांना ही दोन नावे एकापाठोपाठ सांगितली तेव्हा क्षणभर कोणी बोलले नाही.

एकच घर, एकच भाषा, एकच नदी. आणि दोघा भावांनी दोन वेगळ्या वाटा धरल्या. हिंदीत गेलेला भाऊ मराठीला मुकला असे कुणी म्हणत नाही, आणि मराठीत राहिलेला मागे पडला असेही कुणी म्हणत नाही. आपल्याकडे भाषेच्या प्रश्नात खूप जखमा आहेत आणि त्या खऱ्या आहेत. तरीही मुलांना मी एवढे सांगितले, की दुसरी भाषा पोटासाठी नीट शिकल्याने घरची भाषा जात नाही. घरची भाषा जाते ती तिच्यात वाचणे-लिहिणे थांबले म्हणजे.

त्या मुलीचे पुढे काय झाले हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. काही चमत्कार झाला नाही. निकालानंतर तिने गावाजवळच्या एका पतसंस्थेत कामाला सुरुवात केली. काउंटरवर दिवसभर मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारे खातेदार येतात. तिने वर्षभरात कन्नड लिहा-वाचायला शिकून घेतले. आता संस्थेतली दोन्ही भाषांतली पत्रे तिच्याकडेच येतात. एम. ए. ला तिने बाहेरून नाव घातले आहे. दोन वर्षांनी ती काय करील हे तिलाही ठाऊक नाही, पण आता त्याची पूर्वीइतकी धास्ती तिला वाटत नाही. लग्नाचा विषय घरी निघतो, तेव्हा स्वतःचा पगार असल्यामुळे तिच्या शब्दाला वजन आहे, हेही थोडे नाही.

पदवीचा निकाल लागला की आपण एकाच दिवशी मुलांकडून जन्माचा फैसला मागतो. पाहुणे विचारतात, शेजारी विचारतात, आणि मूल गोंधळून कागलच्या एमआयडीसीपासून गोव्याच्या हॉटेलपर्यंत सगळीकडे अर्ज टाकत सुटते. त्याऐवजी त्याला दोन साधे प्रश्न विचारावेत. येत्या दोन वर्षांत चार पैसे कशातून मिळतील? आणि ती दोन वर्षे रोज तासभर स्वतःचे असे काय करशील? पहिल्याचे उत्तर वर्ष-दोन वर्षांनी बदलले तरी बिघडत नाही. दुसऱ्याचे उत्तर मात्र सापडायला हवे, आणि ते जपायला घरच्यांनी मदत करायला हवी.

उज्जैनला जायचे तर दिवाळीनंतर जावे. हवा चांगली असते आणि नदीला पाणी असते. पुण्याहून इंदूरला जाणारी गाडी उज्जैनवरूनच जाते. घरात पदवीच्या शेवटच्या वर्षाचे मूल असेल तर त्याला बरोबर न्यावे. महाकाल, हरसिद्धी, गोपाळ मंदिर सगळे दाखवावे, आणि संध्याकाळी आरतीची गर्दी पांगल्यावर घाटाच्या पायरीवर त्याच्या शेजारी थोडा वेळ बसावे. ते बोलू लागले की मध्ये बोलू नये.