भाद्रपदातील वाई

वर्षातील सर्वांत धांदलीचा महिना कोणता, असे विचारले तर पुष्कळ घरांतून भाद्रपदाचे नाव निघेल. हरितालिका, गणेशचतुर्थी, ऋषिपंचमीची बैलाच्या श्रमाविना पिकलेली भाजी, तीन दिवसांच्या गौरी, अनंत चतुर्दशी. आणि पौर्णिमा सरते न सरते तोच पितृपक्ष. एकाच महिन्याचा पहिला पंधरवडा येणाऱ्यांच्या स्वागताचा, दुसरा गेलेल्यांच्या स्मरणाचा. पाहुणे पांगतात, मखर माळ्यावर जाते आणि घरातील ज्येष्ठांना शरीराचा शिणवटा व मनाचा रितेपणा एकाच वेळी जाणवू लागतो. अशा दिवसांत मी काही वर्षांपासून वाईला जातो.

पुण्याहून खंबाटकी घाट ओलांडून सुरूर फाट्याला वळले की हवा बदलते. पाऊस ओसरलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात आणि कृष्णा भरलेली असते. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड असे या गावाचे सात घाट. प्रत्येक आळीला आपला घाट आणि आपला कृष्णाबाईचा उत्सव. गणपती आळीच्या घाटावर रास्ते घराण्याने १७६२ मध्ये बांधलेले ढोल्या गणपतीचे देऊळ आहे. त्याची मागची भिंत माशाच्या आकारासारखी निमुळती केलेली आहे. पुराचे पाणी तिच्यावर आदळून दोहों बाजूंना विभागले जावे, ही त्यामागची योजना. पूर अडवता येत नाही हे बांधणाऱ्याने आधीच मान्य केले होते; त्याने केवळ त्याचा मारा सौम्य केला. उतारवयात या भिंतीकडे मी अधिक वेळ पाहत उभा राहतो.

चतुर्थीची गर्दी ओसरल्यावर हाच घाट शांत होतो. सकाळी पायऱ्यांवर दर्भ, काळे तीळ आणि तांब्या घेऊन बसलेली माणसे दिसतात. महालयाच्या पितरांची यादी मोठी उदार आहे. आईवडील, आजा-पणजा, मामा, मावशी, आत्या, सासू-सासरे यांच्याबरोबर तीत गुरू येतात, शिष्य येतात आणि मित्रही येतात. ज्यांच्याशी रक्ताचे नाते नाही, अशांच्या नावानेही ओंजळभर पाणी सोडण्याची सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेवली, याचे मला नेहमी अप्रूप वाटते. आम्ही शाळेपासूनचे चौघे मित्र. त्यांतील दोघांसाठी आता मी हे पाणी सोडतो. चौथा याच गावात, घाटापासून हाकेच्या अंतरावर राहतो.

या मित्राला गेली काही वर्षे स्मृतिभ्रंश आहे. सकाळी काय खाल्ले ते त्याला आठवत नाही. पण साठ वर्षांपूर्वी आम्ही कोणत्या घाटावरून उडी मारून कोणत्या घाटाला लागत असू, ते तो अचूक सांगतो. या आजारात बहुधा असेच घडते. नव्या आठवणी आधी विरतात, जुन्या बराच काळ तग धरतात. यंदा मी जाऊन बसलो तेव्हा त्याने दोन वर्षांपूर्वी गेलेल्या आमच्या मित्राचे नाव घेऊन विचारले, “तो का नाही आला रे तुझ्याबरोबर?”

त्याच दिवशी सकाळी त्या मित्राच्या नावाने मी नदीत तिलांजली दिली होती. मी वहिनींकडे पाहिले. त्या सहजपणे त्याला म्हणाल्या, “त्यांची फार आठवण येते ना? पोहण्यात त्यांचा पहिला नंबर असायचा म्हणे.” मित्राचा चेहरा उजळला आणि पुढचा अर्धा तास तो त्या पोहण्याविषयी बोलत राहिला.

नंतर ओसरीवर वहिनींनी सांगितले, “भावजी, मुलाने एकदा खरे सांगून पाहिले. ऐकून हे संध्याकाळभर रडले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. एकाच माणसाचे मरण त्यांनी रोज नव्याने का सोसावे?”

त्यांचे म्हणणे मला पटले. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची चूक दुरुस्त करण्यापेक्षा तिच्यामागची भावना ओळखून तिला उत्तर द्यावे, असेच या क्षेत्रातील जाणकारही सांगतात. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये मांडले की, म्हातारपणी मागे वळून पाहणे हा बुद्धीचा ऱ्हास नव्हे. आयुष्याचा हिशेब जुळवण्याची ती स्वाभाविक प्रक्रिया आहे. म्हणून “तेच तेच काय सांगता?” असे म्हणून कोणाला गप्प करू नये.

अशा मित्राला भेटायला जाणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शक्यतो सकाळी जावे. दिवस कलला की पुष्कळ रुग्णांचा गोंधळ व अस्वस्थता वाढते. “मला ओळखलेस का?” अशी परीक्षा घेऊ नये, आपले नाव आपणच सांगावे. जुने छायाचित्र किंवा आवडीचे जुने गाणे सोबत असावे. बोलणे थांबले तर शेजारी नुसते बसावे, तेही पुरते. आणि जमल्यास दोन तास थांबून सांभाळणाऱ्या व्यक्तीला मोकळे करावे. त्या दिवशी वहिनी कित्येक आठवड्यांनी एकट्याच देवळात जाऊन आल्या.

घाटावर जाणाऱ्या ज्येष्ठांसाठीही दोन शब्द. भाद्रपदात पायऱ्यांवर शेवाळ असते, धोम धरणातून सोडलेल्या पाण्याने नदीची पातळी वाढलेली असू शकते. तेव्हा सोबत घेऊनच उतरावे आणि खालच्या पायरीचा आग्रह धरू नये. श्राद्धाचे जेवण दुपार उलटल्यावर होते. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तोवर उपाशी राहिल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. औषध व खाण्याची वेळ आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवावी. पितर त्याने रुष्ट होणार नाहीत.

सर्वपित्री अमावास्या झाली की घटस्थापनेची लगबग सुरू होते आणि भेटी पुन्हा लांबणीवर पडतात. गेलेल्यांची तिथी आपण पंचांगात पाहून ठेवतो. जे मित्र आहेत, ज्यांना अजून आपला आवाज ऐकू येतो, त्यांच्यासाठीही एक दिवस दिनदर्शिकेवर खूण करून राखून ठेवावा. प्रवास झेपत नसेल तर दूरध्वनी करावा, तोही जमत नसेल तर नातवाकडून चार ओळींचे पत्र लिहवून घ्यावे. माझी पुढची खेप मी कार्तिकात ठरवली आहे. त्या वेळी पाणी उतरलेले असते, पायऱ्या कोरड्या असतात. मित्राला हाताला धरून घाटापर्यंत नेता येईल का, हे त्याच्या डॉक्टरांना विचारून ठेवण्याचे वहिनींनी कबूल केले आहे.