शून्य लिहायचं नाही!

सर्व्हेलन्सला मराठीत ‘टेहळणी’ म्हणतात. (कॉन्व्हेंटवाल्यांनो, मीही डिक्शनरीच उघडली!) पण विमानांची टेहळणी चोर पकडायला नसते. कुठलं विमान कुठे आणि किती उंचीवर आहे, हे कंट्रोलरला दिसावं म्हणून असते. ती किती चांगली हवी? आपण पटकन म्हणू, “शंभर टक्के! धोका शून्य!” पण शून्य धोका म्हणजे विमान उडवायचंच नाही.

म्हणून आधी धोक्याचा आकडा ठरतो. वरच्या आकाशात दोन विमानांमधलं उभं अंतर २,००० फुटांवरून १,००० वर आणलं, तेव्हा ‘आयकाओ’ने मर्यादा धरली: उड्डाणाच्या २० कोटी तासांत फार तर एक जीवघेणा अपघात. वाचताना अंगावर काटा येतो ना?

टेहळणीतही असंच उलटं गणित. धोका इतकाच हवा, तर जागा किती मीटर चुकली चालेल? नवी माहिती किती सेकंदांनी हवी? युरोकंट्रोलच्या २०१२ च्या नियमांत, विमानांमध्ये ५ नॉटिकल मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर ठेवायचे असतील, तर ८ सेकंदांच्या आत. ताशी ९०० किलोमीटरचं विमान तेवढ्यात २ किलोमीटर पुढे जातं! मग रडार वापरा नाहीतर उपग्रहांवरून जागा ओळखणारं एडीएस-बी, रिझल्ट दाखवा म्हणजे झालं.

आकडे रुक्ष वाटतात. पण १२ नोव्हेंबर १९९६ ला दिल्लीहून निघालेलं सौदी विमान १४,००० फुटांवर होतं. समोरच्या कझाक विमानाला १५,००० वर राहायला सांगितलं होतं. ते खाली आलं. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर उंची दिसतच नव्हती, पायलट सांगेल ती खरी. चरखी दादरीच्या आकाशात ३४९ माणसं गेली. त्यांत नोकरीसाठी सौदीला निघालेले कितीतरी भारतीय होते. माझा मामाही तिकडेच नोकरीला आहे, म्हणून हे वाचून पुस्तक मिटवताच येईना.

असाइनमेंटमध्ये आपण ‘अश्यूम’ लिहून कुठलाही आकडा बिनधास्त घेतो. इथे प्रत्येक आकड्यापुढे ‘का?’ लिहावं लागतं. ‘शून्य’ लिहिलं की मनाला बरं वाटतं, पण किती सेकंद, किती मीटर, हे त्यातून कळत नाही. आणि मामाला सुखरूप उतरवायला नेमकं तेच लागतं.