ठेका दिला तरी जबाबदारी आपलीच

जैन घरात वाढलेल्या मुलाला पाणी गाळणे वेगळे शिकवावे लागत नाही. जुन्या वाड्यांतून दुहेरी फडक्याने पाणी गाळले जाई आणि फडक्यावर राहिलेले सूक्ष्म जीव ज्या विहिरीतून पाणी काढले त्याच विहिरीत अलगद परत सोडले जात. यातील दुसऱ्या कृतीविषयी मला नेहमीच अधिक आदर वाटत आला आहे. आपल्या हातून जीव मरू नये, एवढ्यावर आपल्या पूर्वजांचे समाधान होत नव्हते. तो जीव आपल्या ठिकाणी सुखरूप परतला पाहिजे, ही जबाबदारीही त्यांनी स्वतःकडे घेतली होती.

आमच्या व्यवसायामुळे हा विचार मला वारंवार करावा लागतो. सिमेंट, सळई आणि फरशीच्या दुकानापासून सुरू झालेला आमच्या कुटुंबाचा व्यापार गेल्या पिढीत बांधकामापर्यंत आला. आज आमच्या एखाद्या साइटवर सकाळी गवंडी, बिगारी, सेंट्रिंगवाले, सळई बांधणारे, प्लंबर, रंगारी अशी पन्नासएक माणसे येतात. संध्याकाळी ती सर्व धडधाकट आपापल्या घरी परतली पाहिजेत, ही अपेक्षा अगदी साधी आहे. पण ती पुरी करण्याची जबाबदारी कोणाची, असे विचारले की उत्तराला फाटे फुटू लागतात.

आमच्याच घरात यावरून अनेकदा चर्चा झाली. थोरल्या काकांचे म्हणणे असे की, "अरे, ती माणसे आपण कुठे ठेवली आहेत? ठेकेदाराला चौरस फुटाचा दर दिला. माणसे त्याची, काळजीही त्याचीच." काका पर्युषणात अठ्ठाई करणारे आणि पांजरपोळाला दरवर्षी नेमाने देणगी देणारे गृहस्थ आहेत. त्यांच्या मनात निर्दयता नाही. ते बोलले ते आपल्या व्यापारात सर्वांनी गृहीत धरलेले मत आहे. मालक मुख्य ठेकेदाराकडे पाहतो, मुख्य ठेकेदार सेंट्रिंगच्या ठेकेदाराकडे, तो मुकादमाकडे, आणि मुकादम त्या मजुराकडेच बोट दाखवून म्हणतो, "त्यानेच बघून चालायला हवे होते." पाणी घालत गेलेल्या दुधासारखी जबाबदारी पायरी-पायरीने पातळ होत जाते आणि शेवटच्या माणसाच्या वाट्याला नुसते पाणी येते.

मी काकांना विचारले, "काका, आपण स्वतः जीव मारला नाही, पण पैसे देऊन दुसऱ्याकडून मारवून घेतला, तर पाप त्या एकट्याचेच का?" ते लगेच म्हणाले, "असे कसे? करणारा, करविणारा आणि बरे झाले म्हणणारा, तिघेही त्यात आलेच." कृत, कारित आणि अनुमोदना हा आपल्या धर्माचा पाया त्यांना माझ्याहून चांगला ठाऊक आहे. मी म्हटले, "मग कठड्याशिवाय, जाळीशिवाय पाचव्या मजल्यावर काम करा, असे आपण सांगितले नसेल, पण ज्या दरात कठडा बसतच नाही तो दर आपणच ठरवला. हे कारित झाले. तसे काम चाललेले पाहून आपण पुढे निघून गेलो, ही अनुमोदना झाली." काका त्या वेळी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी ठेकेदाराला पेढीवर बोलावून विचारले, "तुमच्या दरात बेल्ट आणि जाळीचे किती धरले आहेत?" दरात त्यासाठी एक रुपयाही धरलेला नव्हता.

देशाचा कायदाही याच अंगाने विचार करतो. कामगार ठेकेदाराचा असला, तरी काम ज्याच्या व्यवसायाचा भाग आहे त्या मुख्य मालकाकडून भरपाई मागता येते, आणि मालकाने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी, हे तत्त्व १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात आले. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली स्वतंत्र कायदा झाला. कामावर सतत आणि पुरेशी देखरेख ठेवणे, अपघात टाळण्यासाठी शक्य ते सर्व उपाय योजणे, हे कर्तव्य त्याने मालकावर टाकले. पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत या विषयाचे अनेक कायदे एकत्र करण्यात आले. कायद्याचे नाव बदलले तरी भार मालकाच्या खांद्यावरून उतरलेला नाही.

दुसरा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो, तो म्हणजे "इतकी वर्षे काम करतो आहोत, आजवर काही झाले नाही." याचे उत्तर आपल्या आचार्यांनी हजार वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, हे तिचे मूळ मानले आहे. आचार्य अमृतचंद्रांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाय' ग्रंथात हा विचार पुढे नेला. यत्नपूर्वक वागणाऱ्याच्या हातून अजाणता जीव गेला तरी त्याला हिंसा लागत नाही, आणि प्रमादाने वागणाऱ्याला जीव मरो वा न मरो, हिंसा लागतेच, असा त्यांचा आशय आहे. या कसोटीवर, उघड्या डक्टमध्ये अजून कोणी पडले नाही म्हणून आपण निर्दोष ठरत नाही. डक्ट उघडी ठेवली त्याच क्षणी दोष घडला. शेती, व्यापार आणि उद्योगात काही हिंसा गृहस्थाला अटळ आहे, तिला उद्योगी हिंसा म्हणून आपल्याकडे मान्यता आहे. पण ही सवलत अटळ गोष्टीपुरतीच आहे. दोन पाइप आणि एक जाळी लावून जे टळते, त्याला अटळ कसे म्हणावे?

काही वर्षांपूर्वी आमच्या शहरात एका दुसऱ्या बांधकामावर सेंट्रिंगचा एक तरुण मजूर लिफ्टच्या डक्टमध्ये पडून गेला. तोंडावर नुसती एक प्लायची फळी टाकलेली होती. संध्याकाळच्या अंधुक उजेडात त्याने ती जमीन समजून पाय ठेवला. त्यानंतर आठवडाभर बाजारपेठेत त्याची चर्चा चालली होती, पण ती "कितीत मिटले?" एवढीच होती. फळी कोणी टाकली आणि जाळी का नव्हती, हे कोणी विचारल्याचे मी ऐकले नाही. त्याची पत्नी तान्हे मूल घेऊन गावी परत गेली. मिटले हा शब्द तिच्या बाबतीत कोणत्या अर्थाने वापरायचा, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

उंचीचा धोका आपल्याला वाटतो त्याहून फार जवळचा असतो. तिसऱ्या मजल्याची उंची सुमारे दहा मीटर. तेथून पडणारा माणूस दीड सेकंदाच्या आत जमिनीवर येतो आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी पन्नास किलोमीटरच्या घरात असतो. एवढ्या वेळात "सांभाळ" हा शब्दही पुरा होत नाही. म्हणून बेल्टचा हूक आधीच अडकवलेला असावा लागतो, आणि तो परांचीच्या बांबूला न अडकवता इमारतीच्या पक्क्या भागाला किंवा त्यासाठीच बांधलेल्या दोराला अडकवावा लागतो. बेल्ट कमरेला आहे आणि हूक मोकळा लोंबतो आहे, हे दृश्य कोणत्याही शहरात मान वर करून पाहिले तर दिसेल.

खोदाईचेही तसेच आहे. एक घनमीटर ओल्या मातीचे वजन दीड ते दोन टन भरते. छातीपर्यंत मातीत अडकलेल्या माणसाला श्वास घेणेही अशक्य होते. दीड मीटरहून खोल चर असेल तर त्याच्या बाजू उताराने कापाव्यात किंवा फळ्या आणि टेकूंनी धरून ठेवाव्यात, आणि काढलेली माती काठावर न रचता दूर टाकावी, हा साधा नियम आहे. पावसाळ्यात तर भिजलेल्या मातीचा भरवसाच नसतो. चातुर्मासात जीवजंतूंची विराधना होऊ नये म्हणून आपले साधू-साध्वी विहार थांबवतात. त्याच चार महिन्यांत आपला पाया कशा स्थितीत खोदला जातो, हे पाहणे आपल्या धर्मात बसत नाही काय?

काही इजा डोळ्यांना दिसत नाहीत. ग्रॅनाइट किंवा फरशी कटरने कोरडी कापली की पांढरी धूळ उडते. तिच्यातील सिलिकाचे अतिसूक्ष्म कण तोंडाला बांधलेल्या गमछातून आत जातात आणि फुफ्फुसात कायमचे राहतात. सिलिकोसिस एकदा झाला की फुफ्फुस पूर्ववत होत नाही. कटरवर पाण्याची धार सोडली आणि कारागिराला योग्य मास्क दिला, तर हे बरेचसे टळते. वायुकायिक जीवांच्या रक्षणासाठी मुखवस्त्रिका धारण करणाऱ्या परंपरेला, मास्क कशासाठी हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. ओल्या सिमेंटमध्ये दिवसभर उघडे हात-पाय राहिले की कातडी भाजते. त्यावर उपाय रबरी बूट आणि हातमोजे. उघड्या जोडाच्या वायरींवर उपाय चांगली केबल आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. यातील कोणतीही वस्तू आपल्या दुकानदार बांधवांना अपरिचित नाही. अनेकांच्या दुकानात ती फळीवर ठेवलेली असते.

साइट म्हणजे फक्त इमारत नव्हे, मजूर जिथे झोपतो ती जागाही तिचाच भाग आहे. २९ जून २०१९ च्या मध्यरात्रीनंतर पुण्याच्या कोंढवा भागात मुसळधार पावसात एका निवासी संकुलाची संरक्षक भिंत लगतच्या मजूर-झोपड्यांवर कोसळली. १५ जण झोपेतच गेले. त्यांत लहान मुले होती. कामाची वेळ नव्हती, उंचीवर कोणी नव्हते. झोपड्या कोठे उभारायच्या, एवढा एकच निर्णय त्यांच्या जगण्या-मरण्याचा ठरला.

आता खर्चाचे. आपण व्यापारी आहोत, हिशोब मांडल्याशिवाय आपले समाधान होत नाही. आमच्या पेढीत आता प्रत्येक कामाच्या खतावणीत सुरक्षेचे खाते स्वतंत्र असते. पूर्वी हा खर्च किरकोळमध्ये पडत असे, आणि किरकोळमध्ये पडलेली गोष्ट सर्वांत आधी कापली जाते. ठेकेदाराच्या दरातून हा खर्च वगळून तो आम्ही वेगळा देतो, त्यामुळे बेल्ट न घेतल्याने त्याचा फायदा होत नाही. रोज सकाळी काम सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटे सर्वांना एकत्र करून आजचे काम कोणते आणि त्यात धोका कुठे, हे त्यांना समजेल अशा भाषेत सांगितले जाते. परांची हलते आहे असे बिगाऱ्याला वाटले तर तो काम थांबवू शकतो, आणि त्या वेळेची त्याची मजुरी कापली जात नाही. साइटवर जाताना काकाही हेल्मेट घालतात. मालकाच्या डोक्यावर हेल्मेट नसेल तर मजुराला ते केवळ दंड टाळण्याचे साधन वाटते, हा आमचा अनुभव आहे.

एक गोष्ट तर जवळजवळ फुकट आहे. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर आपण भरतो आणि त्यातून महाराष्ट्रात बांधकाम कामगारांसाठी कल्याणकारी मंडळ चालते. १८ ते ६० वयाच्या कामगाराला तेथे नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. त्या दाखल्यावर सही करायला आपल्याला दोन मिनिटे लागतात. सही टाळली तर आपण भरलेला पैसा त्याच्या मुलांपर्यंत पोहोचतच नाही.

बांधणाऱ्यांची काळजी ही आपल्याकडे बाहेरून आलेली कल्पना आहे, असे कोणी समजू नये. आबूच्या देलवाड्यात तेराव्या शतकात वस्तुपाल आणि तेजपाल यांनी नेमिनाथांचे मंदिर उभारले. त्याविषयी परंपरेत एक कथा सांगतात. डोंगरावरील थंडीने कारागिरांचे हात चालेनात, काम रेंगाळले. तेव्हा तेजपालांच्या पत्नी अनुपमादेवी यांनी कारागिरांसाठी शेगड्यांची आणि तयार भोजनाची व्यवस्था करविली. त्या संगमरवरी छतातील कमळे पाहताना आपण दात्यांची नावे घेतो. ज्यांच्या बोटांना ऊब मिळाली म्हणून ती कमळे उमलली, त्यांची आठवण अनुपमादेवींनी ठेवली होती.

संवत्सरीला आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. चौऱ्याऐंशी लक्ष योनींतील जीवांना उद्देशून उच्चारलेल्या त्या शब्दांत आपल्या पायाच्या चरात उतरणारा माणूस नक्कीच येतो. क्षमा मागण्याची वेळच येऊ नये, यासाठी आधी घेतलेली काळजी हीच खरी जयणा.

म्हणून समाजबांधवांसमोर एक नम्र सूचना ठेवतो. आपल्या गावोगावच्या संघांची कामे सतत चालू असतात. कुठे मंदिराचा जीर्णोद्धार, कुठे स्थानक, कुठे धर्मशाळा, कुठे वसतिगृह. यापुढे अशा प्रत्येक कामाच्या करारात सुरक्षेची रक्कम वेगळी लिहावी आणि विश्वस्तांपैकी एकाने आठवड्यातून एकदा परांचीखाली उभे राहून ती खर्च झाली का, हे स्वतः पाहावे. जिथे अहिंसेचा उपदेश व्हायचा आहे, त्या भिंती उभारताना कोणाच्या घरचा माणूस जाऊ नये, एवढी तजवीज आपण नक्कीच करू शकतो.

जय जिनेंद्र.