गल्लीच्या टोकाचं पाणी

चि. सौ. ताईस,


परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, मी यायच्या आधी जार लावून ठेव, नळाचं पाणी मला चालायचं नाही." मी नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला. तुला ते लागलं असणार. पण सातव्या महिन्यातल्या लेकीशी फोनवर वाद घालायचा नव्हता, आणि मला जे सांगायचं होतं ते दोन वाक्यांत मावणारं नव्हतं. आज नळाचा दिवस आहे. पाणी पाच चाळीसला सुटतं. तोवर बसून लिहिते.

तुझी भीती खोटी नाही, हे आधी सांगते. हिपॅटायटिस ई नावाचा विषाणू मैल्यातून पाण्यात येतो आणि पाण्यातून पोटात. धडधाकट माणसाची कावीळ बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपसूक उतरते. पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला ती झाली, तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणींपर्यंत दगावतात, असं साथींमध्ये दिसलेलं आहे. तू जन्मलीस त्याच्या आदल्या वर्षी आपल्या गल्लीत कावीळ आली होती. समोरच्या वाड्यातल्या सुनेला आठवा महिना होता. तिला कावीळ उतरवायला नेलं. चुन्याच्या पाण्यात हात धुतले, पाणी पिवळं झालं, "निघाली" म्हणाले, आणि सगळे घरी आले. चुन्याचं पाणी कुणाच्याही हातानं पिवळं करून दाखवता येतं, हे मला विज्ञान शिकवणारीला कळत होतं. मी बोलले नाही. नवी सून होते, लोकांच्या घरात कसं बोलायचं असं वाटलं. अकराव्या दिवशी ती गेली. तिचं पोरही गेलं. तेव्हापासून पावसाळ्यात मी पाणी उकळल्याशिवाय कुणाला दिलेलं नाही. तुम्ही भावंडं त्या कोमट पाण्याला नाकं मुरडायचात, ते का होतं ते आज सांगते आहे.

ही गोष्ट नुसती आपल्या गल्लीची नाही. १९५५ च्या डिसेंबरात दिल्लीत कावीळ उसळली, महिन्या-दीड महिन्यात सुमारे २९,००० लोक पिवळे पडले. पूर ओसरल्यावर यमुनेनं पात्र बदललं होतं आणि नाल्याचं सांडपाणी, जिथून शहराचं पाणी उचलायचे तिथवर पोचलं होतं. जलशुद्धीकरण केंद्रातल्या लोकांनी क्लोरीन वाढवला. त्यामुळे टायफॉइड, हगवण आटोक्यात राहिली, पण कावीळ आटोक्यात आली नाही, आणि तिथेही गरोदर बायकांवरच घाला जास्त पडला. आपल्याकडे इचलकरंजीत २०१२ च्या उन्हाळ्यात पाण्यातून काविळीची साथ पसरली, माणसं गेली. आणि तुमच्या सिंहगड रस्त्यावर, किरकटवाडी, नांदेड, धायरी भागात २०२५ च्या जानेवारीत काय झालं ते तू डोळ्यांनी पाहिलंस. आजार वेगळा, वाट तीच: हातापायांतली ताकद गेलेली माणसं, रोज वाढणारा आकडा, विहिरीचं पाणी, टँकर. तेव्हा मी इथून तुला फोन करून "उकळून पी" म्हणत होते. आता तू तिथून मला जार लावायला सांगतेस.

आता आपलं पाणी कुठे बिघडतं ते. मी नववीची मुलं दरवर्षी फिल्टरवर न्यायची, तुझा वर्गही नेला होता. नदीचं गढूळ पाणी वर येतं, तुरटी पडते, मोठ्या हौदात गाळ खाली बसतो, मग वाळूच्या थरातून पाणी झिरपतं आणि शेवटी क्लोरीन. तिथल्या नळाखाली पेला धरला की पाणी कसं लखलखायचं, आठवतं? पावसाळ्यातले चार दिवस सोडले तर ते आजही तसंच असतं. मी गेल्या महिन्यात जाऊन पाहिलं. फिल्टरवरच्या माणसानं माझ्यासमोर नळीत क्लोरीन तपासायच्या द्रावणाचे, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे (ओटीचे) थेंब टाकले आणि पाणी चांगलं पिवळंधमक झालं. याचा अर्थ पाण्यात क्लोरीन भरपूर शिल्लक आहे.

भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००) नळापर्यंत पोचलेल्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा, आणि विषाणूंपासून राखण करायची असेल तर ०.५. लोक म्हणतात, "आज पाण्याला पावडरीचा वास येतोय, पिववत नाही." मला तो वास आला की बरं वाटतं. वाटेत काही घाण शिरलीच तर तिच्याशी झुंजायला पाण्यात अजून काहीतरी उरलं आहे, एवढंच तो वास सांगतो.

पण घाण शिरते कशी? हे नीट वाच, कारण माझा सगळा मुद्दा इथेच आहे. आपल्याकडे एक दिवसाआड पाऊण तास पाणी येतं. म्हणजे अठ्ठेचाळीस तासांपैकी पाऊण तास पाइप भरलेला, आणि उरलेले सव्वासत्तेचाळीस तास रिकामा नाही तर अर्धवट. भरलेल्या पाइपातून पाणी जोरानं बाहेर ढकललं जातं, त्यामुळे भोक असलं तरी आतलं बाहेर येतं, बाहेरचं आत येत नाही. जोर गेला की उलटं होतं. भोवतालची ओल, गटाराचं पाणी, जे काही तिथे साचलेलं असेल ते सांध्यांतून आत झिरपतं आणि पडून राहतं. मग पुढच्या वेळी पाणी सुटलं की पहिल्यांदा तेच आपल्या घागरीत येतं.

गेल्या पंधरवड्यात गटार उपसायला माणसं आली होती, तेव्हा मी ओट्यावर उभी होते. गाळ काढल्यावर तळाशी आठ-नऊ लोखंडी पाइप दिसले, एकमेकांना चिकटून, गंजून फुगलेले. घरोघरची कनेक्शनं. मुख्य लाइन रस्त्याच्या पलीकडे, घरं अलीकडे, मग मधल्या गटारातून पाइप काढलेले, सगळ्यांनीच. एका पाइपाला सायकलच्या ट्यूबची काळी पट्टी गुंडाळून तारेनं आवळली होती. ती पट्टी मी ओळखली. वीस-एक वर्षांपूर्वी लीकेज झालं तेव्हा बाबांनीच ती बांधली होती, आणि कंदील मी धरला होता. ट्यूब केव्हाच विरली होती. खालून पाण्याची धार नव्हती, कारण तो नळाचा दिवस नव्हता. पाइप गटाराच्या पाण्यात अर्धा बुडालेला होता.

आणखी एक. आपल्या नळाला थेट मोटर होती. तू लहान असल्यापासून होती, त्यामुळे तुला त्यात काही वावगं दिसणार नाही. नळ आला की बटण दाबायचं, दहा मिनिटांत वरची टाकी भरायची. अशी मोटर पाइपातलं पाणी ओढते तेव्हा पाणी कमी पडलं तर ती त्या सांध्यांतून बाहेरचंही ओढते, म्हणजे गटार. आणि आपण ओढलेलं पाणी पुढच्या घरांना मिळत नाही. गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या खोलीत जे कुटुंब राहतं, त्यांच्याकडे शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत करंगळीएवढी धार येते. मी आशाताईंकडून ओटीची बाटली मागून आणली आणि नळाच्या तीन दिवशी दोन्हीकडचं पाणी तपासलं. आपल्याकडे फिकट पिवळा रंग आला. टोकाच्या खोलीत तिन्ही वेळा पाणी होतं तसंच राहिलं, रंगाचा मागमूस नाही. त्या खोलीतली पोरगी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "काकू, पांढरं म्हणजे चांगलं ना?" तिला पाचवा महिना आहे. जार तिला परवडत नाही.

तिनं हे विचारलं त्याच दिवशी मी मोटर काढली. आता अंगणात खाली हौद आहे, त्यात नळाच्या जोरानं जेवढं येईल तेवढं घ्यायचं आणि हौदातून वर चढवायचं. बाबा आधी चिडले, मग स्वतःच पाना घेऊन आले.

जाराबद्दल. आपल्याकडे येणाऱ्या जारांवर ना तारीख असते ना शिक्का. तो माणूस कुठल्या बोअरचं पाणी कशातून काढतो आणि जार कशानं धुतो, हे मी विचारलं तर म्हणाला, "थंड आहे ना मावशी?" आणि समज, जार उत्तम निघाला. दात घासताना कुठलं पाणी तोंडात जाणार? कोथिंबीर, काकडी, द्राक्षं कशात धुणार? ताकात कुठलं घालणार? जार पेल्यापुरता, नळ घरभर.

दिवाळीनंतर एक आरओ विकणारा मुलगा आला होता. त्यानं ओट्यावर दोन पेले मांडले, एकात त्याच्या मशिनचं पाणी, एकात आपल्या नळाचं. वर एक उपकरण ठेवलं, दोन-दोन सळ्या दोन्ही पेल्यांत बुडतील असं, आणि प्लग लावला. दोन मिनिटांत नळाचं पाणी शेवाळी-तपकिरी गाळानं भरलं, त्याचं पाणी जसंच्या तसं. शेजारच्या दोघी तोंडावर हात ठेवून उभ्या. मी त्याला म्हटलं, पुन्हा कर, आणि या वेळी त्याच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं. तेही तसंच काळवंडलं. तो गाळ पाण्यातला नव्हताच. पाण्यातून वीज वाहिली की लोखंडी सळी विरघळते, आणि वीज वाहायला पाण्यात क्षार लागतात. आपल्या नदीच्या पाण्यात खडकातून आलेले क्षार आहेत, त्याच्या पाण्यात ते जवळजवळ नव्हते, एवढाच फरक. हे लोक मीटरवर दाखवतात तो टीडीएसचा आकडाही विरघळलेल्या क्षारांचाच असतो. त्यातून जंतू कळत नाहीत. १५० टीडीएसच्या पाण्यातही काविळीचा विषाणू असू शकतो. पोरगं बिचारं कमिशनवर काम करणारं, त्याला कुणी हे सांगितलेलंच नव्हतं. पाणी पिऊन गेलं, आपल्याच माठातलं. तुझ्या पुण्याच्या घरी आरओ आहे तो असू दे, पण त्याची टाकी वेळच्या वेळी धुऊन घे. त्यातल्या कोळशानं क्लोरीन निघून जातो, म्हणजे साठवलेल्या पाण्याला राखण उरत नाही.

मी तुझ्यासाठी काय करणार ते असं. नळ आला की पहिली पाच मिनिटं पाणी झाडांना सोडायचं. मग भरलेलं पाणी चारपदरी फडक्यातून गाळून स्टीलच्या पातेल्यात उकळायचं. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरतं, मी तीन ठेवते. त्याच पातेल्यात झाकून गार करायचं, दुसऱ्या भांड्यात ओतायचं नाही, आणि घ्यायचं ते ओगराळ्यानं, हात न बुडवता. तुझं पिणं, दात घासणं, फळं धुणं, सगळं त्याच पाण्यानं. दोन पातेली लागतील, चारची तयारी केली आहे. दोन तुझी आणि दोन टोकाच्या खोलीसाठी. तिचा सिलेंडर महिनाअखेरीला संपतो, रोज पाणी उकळायला तो पुरायचा नाही.

पण उकळणं हा माझ्या मनातला उपाय नव्हे. दोन गरोदर बायकांचं मी उकळीन, गावात किती जणी आहेत? कराडजवळचं मलकापूर आपल्यासारखंच गाव. तिथे २००९ च्या सुमारास घरोघर मीटर लावून चोवीस तास पाणी सुरू झालं. पुरीमध्ये २०२१ च्या जुलैपासून चोवीस तास, थेट नळाला तोंड लावून पिता येईल असं पाणी देतात, आणि बचतगटातल्या बायका जलसाथी म्हणून घरोघर जाऊन ते तपासतात. लोकांना वाटतं चोवीस तास पाणी सोडायचं तर धरण लागेल. पण आपण काय करतो ते बघ. नवं पाणी आलं की कालचं "शिळं" म्हणून गटारात ओततो, सगळी पिंपं पुन्हा भरतो. नळ कधीही येणार असता तर कुणी भरून ठेवलं असतं? आणि पाइप सतत भरलेला राहिला तर त्यात गटार शिरायला जागाच राहत नाही.

ते होईल तेव्हा होईल. तोवर गटारातले पाइप तरी वर काढायचे. मी अर्ज दिला, पोच घेतली. साहेब येऊन बघून गेले. म्हणाले, मुख्य लाइनपासून घरापर्यंतचा पाइप ज्याचा त्यानं बदलायचा असतो. मला राग आला, पण नियम तसाच आहे, आणि ट्यूबची पट्टी आमचीच होती. म्हणून गल्लीतल्या अकरा घरांत फिरले. सगळे पाइप गटाराच्या वरून, बाहेर मोठ्या पाइपाचं आवरण घालून न्यायचे, एकच प्लंबर, एकच दिवस. सात घरं तयार आहेत. दोघांनी भाडेकरूंचं कारण सांगितलं, एकांच्या घरी मोटर आहे आणि ते विषयच काढू देत नाहीत. अकरावं घर टोकाची खोली, तिचा वाटा आपण भरायचा, असं बाबांशी बोलून ठरवलं आहे. तिच्याकडून घेणं मला पटत नाही, इतकी वर्षं तिचं पाणी आपण ओढलं.

येताना पुण्याहून डीपीडीच्या गोळ्या आण. क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं, बरोबर रंगाचा तक्ता मिळतो, त्यावरून नेमकं किती ते कळतं. ओटीनं नुसता अंदाज येतो, आणि ते द्रावण अंगाला चांगलं नसतं. दोन पाकिटं आण. एक आपल्याला, एक तिला. तिला वापरायचं कसं ते मी शिकवीन, ती सातवी शिकलेली आहे, हुशार आहे.

पाणी सुटल्याचा आवाज येतोय, पाइप फुसफुसायला लागलाय. आधी तिच्याकडे जाऊन पेला भरून आणते.

जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी,
आई