कुमारांसाठीचे लेखन आणि लेखनाविषयीचे लेखन

कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली पुस्तके आणि लेखन कसे करावे हे सांगणारी पुस्तके या दोन्ही प्रकारांविषयी समीक्षा सहसा मौन पाळते. पहिला प्रकार वाचकाच्या वयामुळे आणि दुसरा उपयुक्ततेच्या हेतूमुळे गंभीर वाङ्मयविचाराच्या बाहेर ठेवला जातो. पहिल्याची जागा ग्रंथालयाच्या बालविभागात आणि दुसऱ्याची हौशी लेखकाच्या टेबलावर, असा हा हिशेब आहे. मात्र या दोन फळ्यांवरची काही पुस्तके लागोपाठ वाचली की त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न असल्याचे ध्यानात येते. जो अजून घडतो आहे, त्याला किती सांगायचे आणि किती त्याच्यावर सोपवायचे, हा तो प्रश्न होय.

अशा वाचनासाठी निवडलेली पुस्तके एकमेकांपासून दूरची आहेत. अर्सुला ल ग्विन यांच्या 'अर्थसी' मालिकेतील 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) आणि 'तेहानू' (१९९०) या कादंबऱ्या, त्यांचेच लेखनविषयक पुस्तक 'स्टिअरिंग द क्राफ्ट' (१९९८, सुधारित आवृत्ती २०१५), स्टीफन किंग यांचे 'ऑन रायटिंग' (२०००), ना. सी. फडके यांचे 'प्रतिभासाधन' (१९३१). आणि प्रकाश नारायण संत यांचे 'वनवास' (१९९४) व 'शारदा संगीत' (१९९७) हे कथासंग्रह. या यादीत ल ग्विन यांना मध्यवर्ती स्थान मिळते, कारण एकाच लेखिकेने कुमारांसाठी लिहिले आणि लेखनाविषयीही लिहिले. तिचा उपदेश आणि तिचे आचरण शेजारी ठेवून तपासता येते.

लेखनशिक्षणाची पुस्तके ही पाश्चात्त्य कार्यशाळांची देणगी आहे, असा एक समज आढळतो. तो टिकणारा नाही. संस्कृत काव्यशास्त्रात कविशिक्षेची स्वतंत्र परंपरा आहे. मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास यांचा समुच्चय हा काव्याचा हेतू मानला आणि 'हेतु' हा शब्द जाणीवपूर्वक एकवचनात ठेवला. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त कवीची दिनचर्या प्रहरांच्या हिशेबाने आखून दिली, तर क्षेमेंद्राचे 'कविकण्ठाभरण' थेट शिकाऊ कवीला उद्देशून लिहिलेले आहे. प्रतिभा उपजत असते हे मान्य करूनही तिची मशागत करता येते, असा या परंपरेचा विश्वास होता. फडक्यांनी आपल्या पुस्तकाला दिलेले नाव या विश्वासाशी नाते सांगते. प्रतिभेला साधन जोडणारा हा शब्द आजही धीट वाटतो.

तरीही 'प्रतिभासाधन' आज वाचताना एक अडचण जाणवते. फडक्यांचे विवेचन स्वच्छ आहे, मांडणी रेखीव आहे आणि लेखन हे परिश्रमाचे काम आहे, हा त्यांचा आग्रह तर मोलाचाच आहे. परंतु त्यांच्या विचारात तंत्र हे मुख्यतः वाचकावर होणाऱ्या परिणामाचे शास्त्र बनते. उत्कंठा कशी वाढवावी, गुंता कोठे घालावा आणि तो कोठे सोडवावा, या प्रश्नांना तेथे अग्रस्थान आहे. वाचकाला कोठे न्यायचे हे लेखकाने आधीच ठरवलेले असते. वाचकाने फक्त चालायचे. १९४५ नंतरच्या नवकथेने या रचनेविरुद्ध बंड केले ते योग्यच होते. गाडगीळ, गोखले, भावे आणि माडगूळकर यांच्या कथांनी अनुभवाला त्याचा स्वतःचा आकार घेऊ दिला. मात्र या बंडाचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की, 'तंत्र' हा शब्दच मराठी समीक्षेत जवळजवळ निंदाव्यंजक ठरला. एखाद्या कथेला 'तंत्रशुद्ध' म्हणणे हा तिचा गौरव उरला नाही. वाक्य, विराम, निवेदकाचे ज्ञान आणि त्याच्या अज्ञानाची सीमा यांचा विचारही मग तंत्राबरोबरच मागे पडला. कथनमीमांसा आली तेव्हा ती समीक्षकाचे उपकरण म्हणून आली. लेखकाच्या हातात ती क्वचितच पोचली.

'स्टिअरिंग द क्राफ्ट' या पुस्तकाचे वेगळेपण या पार्श्वभूमीवर उठून दिसते. ल ग्विन कथानकापासून सुरुवात करत नाहीत. त्या वाक्याच्या ध्वनीपासून सुरुवात करतात. विरामचिन्हे, वाक्याची लांबी, पुनरुक्ती, विशेषणे, क्रियापदाचे पुरुष आणि काळ, दृष्टिकोन अशी प्रकरणे क्रमाने येतात आणि प्रत्येकाला स्वाध्याय जोडलेला असतो. एका स्वाध्यायात विरामचिन्हांशिवाय सलग मजकूर लिहायचा असतो. दुसऱ्यात एक पानभर निवेदन विशेषणे आणि क्रियाविशेषणे यांवाचून करायचे असते. येथे किंग यांच्याशी तुलना उद्बोधक ठरते. किंग यांचे पुस्तक आत्मकथनाच्या अंगाने जाते, त्यात उमदेपणा आहे आणि स्वतःच्या अनुभवाची ऊब आहे; पण क्रियाविशेषणांवरचा त्यांचा राग नियमाच्या थाटात येतो. ल ग्विन यांच्याकडे तेच बंधन उपवासासारखे येते. उपवास ठरावीक दिवशी करायचा, त्यातून जिभेला चव परत येते, आणि दुसऱ्या दिवशी जेवायचे असते. शिकणाऱ्याला नियम देणे आणि शिकणाऱ्याला प्रयोग देणे यांत मोठे अंतर आहे. पहिल्यात त्याच्याविषयीचा अविश्वास लपलेला असतो.

अर्थात हे पुस्तक मराठीत जसेच्या तसे चालणारे नाही. विशेषणे काढून टाकण्याचा स्वाध्याय मराठी लेखकाने केला, तर त्याच्या वाट्याला वेगळीच अडचण येते. लुकलुकणे, खळखळणे, चुरचुरणे अशी नादानुकारी क्रियापदे मराठीत स्वतःच विशेषणाचे काम करतात. उपवासाच्या दिवशीही ताट भरलेलेच राहते. 'मी गेलो' किंवा 'मी गेले' असे लिहिताक्षणी प्रथमपुरुषी निवेदकाचे लिंग उघड होते, जे इंग्रजी लेखकाला पानेच्या पाने झाकून ठेवता येते. उलट 'म्हणे' हा एवढासा शब्द मराठीत ऐकीव माहिती आणि तिच्याविषयीचा किंचित संशय एकाच वेळी व्यक्त करतो. मोठ्यांचे बोलणे अर्धवट कानी पडलेल्या लहान निवेदकासाठी याहून उपयोगी अव्यय शोधून सापडणार नाही. मराठीतील लेखनशिक्षणाचे पुस्तक लिहायचे, तर त्याची सुरुवात अशा गोष्टींपासून व्हायला हवी. मराठी वाक्यातून निघणारे असे पुस्तक ही अजूनही एक मोकळी जागा आहे.

ल ग्विन यांच्या दृष्टिकोनविषयक प्रकरणात एकच प्रसंग वेगवेगळ्या निवेदकांकडून सांगून पाहायचा असतो. तेथे त्या 'सर्वज्ञ निवेदक' या रूढ संज्ञेऐवजी गुंतलेल्या लेखकाची कल्पना मांडतात. सर्व काही जाणणारा आणि म्हणून तटस्थ, असा हा निवेदक नव्हे. तो कथेत सामील असतो. या कल्पनेचा पडताळा त्यांच्या पहिल्याच कुमार-कादंबरीत मिळतो. 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ही कादंबरी प्रकाशकाने थोड्या मोठ्या मुलांसाठी पुस्तक मागितल्यामुळे लिहिली गेली. तिच्या आरंभीच निवेदक सांगून टाकतो की, हा गेड पुढे थोर मांत्रिक होणार आहे आणि ही कहाणी त्याची कीर्ती पसरण्यापूर्वीची आहे. फडक्यांच्या हिशेबाने ही उघड चूक होय. नायक जगणार, जिंकणार हे पहिल्या पानावर सांगितले, तर उत्कंठा उरली कोठे?

परंतु कादंबरी वाचताना असे लक्षात येते की, या एका निर्णयाने उत्कंठेची जात बदलली आहे. गेड वाचेल का, हा प्रश्न संपतो आणि तो कोण होईल, हा प्रश्न उभा राहतो. रोकच्या विद्यापीठात अहंकारापोटी तो एक छाया जगात मोकळी सोडतो, तिच्यापासून पळतो, आणि ओगियन या आपल्या पहिल्या गुरूच्या सल्ल्याने मागे वळून तिचाच पाठलाग करू लागतो. शेवटी त्या छायेला तो स्वतःचेच नाव देतो. कोणी कोणावर विजय मिळवत नाही. खलपुरुषाचा वध हा साहसकथेचा जो ठराविक शेवट, तो येथे नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या वाचकाला आपल्यातील वाईटाची ओळख करून देणे आणि त्याचे प्रवचन होऊ न देणे, हे अवघड काम ही कादंबरी पार पाडते. या भिस्तीमुळेच हे पुस्तक कुमारांचे ठरते.

ही भिस्त मराठी कुमारसाहित्यात कोठे आढळते, हा प्रश्न यानंतर अटळ आहे. मराठीची परंपरा दरिद्री नाही. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'पासून (१९३५) भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेपर्यंत आणि १९७१ मध्ये सुरू झालेल्या 'किशोर' मासिकापर्यंत तिचा विस्तार आहे. परंतु संस्काराची ओढ आणि साहसाची ओढ या दोन टोकांमध्ये एक प्रदेश बराचसा ओसाड राहिला. शरीर आणि मन एकाच वेळी अनोळखी होत जाण्याचा तो प्रदेश आहे. त्या प्रदेशात सर्वांत सहजपणे वावरणारा मुलगा म्हणजे संतांचा लंपन. गंमत अशी की, ज्या पुस्तकांत तो भेटतो ती कुमारांसाठी म्हणून प्रसिद्ध झालेली नाहीत.

आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांच्या घरी राहणारा हा मुलगा कानडीच्या शेजारात वाढलेली मराठी बोलतो. 'मॅड' हे त्याचे आवडते विशेषण आहे. सुमी नावाच्या मुलीविषयी आपल्याला नेमके काय वाटते, याला त्याच्याकडे नाव नाही. संतांचे सामर्थ्य असे की, हे नाव ते त्याला पुरवत नाहीत. निवेदन प्रथमपुरुषी आहे आणि लंपनच्या ज्ञानाची सीमा लेखक कटाक्षाने पाळतो. प्रौढ निवेदक मधूनच येऊन त्या वयाचा अर्थ उलगडून सांगत नाही. शहाणपणाचे एकही वाक्य लंपनच्या तोंडी उसने घातलेले वाटत नाही. आईवडिलांच्या दुराव्याचे दुःखही तो दुःख म्हणून मांडत नाही; ते रस्ते, झाडे, आवाज आणि वास यांच्या तपशिलांत मिसळून येते. 'शारदा संगीत'मध्ये सुरांची ओळख होते, तीही एखाद्या नव्या ठिकाणी पाऊल टाकावे तशी.

या कथांचे मराठीत जे कौतुक झाले, ते बव्हंशी स्मरणरंजनाच्या भाषेत झाले. हरवलेले बालपण, निरागसता, जुने गाव अशा शब्दांनी प्रौढ वाचकाने लंपनला आपलासा केला. २०२४ मध्ये 'लंपन' ही मालिका आली, तेव्हाही याच हळव्या स्वराला उजाळा मिळाला. या वाचनात खोटे काही नाही. पण त्यात लंपनवर एक अन्याय होतो. प्रौढ वाचकाला लंपनपेक्षा अधिक कळते आणि त्या अधिक कळण्याचा गोडवा तो चाखतो. कुमार वाचकाला लंपनइतकेच कळते. त्याच्यासाठी सुमीविषयीची ती अनाम अस्वस्थता ही आठवण नसते. ती चालू वर्तमानकाळातील अडचण असते. एकच संहिता या दोन वाचकांना दोन वेगळ्या गोष्टी देते, आणि दुसऱ्या वाचकाला काय मिळते याचा विचार मराठी समीक्षेने फारसा केलेला नाही. 'निरागसता' हा शब्द मुलांना कधीच सुचत नाही, एवढे ध्यानात घेतले तरी या वाचनाची दिशा बदलेल.

ल ग्विन यांच्याकडे पुन्हा वळावे लागते ते 'तेहानू'साठी. 'अर्थसी'च्या पहिल्या तीन कादंबऱ्या १९७२ पर्यंत पूर्ण झाल्या होत्या. त्यांतील जगात विद्या पुरुषांची आणि स्त्रियांची जादू मात्र हलक्या प्रतीची अशी उतरंड होती, आणि कथनाने ती निमूटपणे स्वीकारलेली होती. अठरा वर्षांनी लेखिका त्याच बेटांवर परत आली. या वेळी तिने कथेचे केंद्र मध्यमवयीन, विधवा तेनार आणि तिने सांभाळलेली, आगीत भाजलेली एक मुलगी यांच्याकडे सोपवले. गेड आता शक्ती गमावलेला माणूस आहे. पहिल्या पुस्तकांचे वाचक यामुळे बिथरले असतील, तर ते समजण्यासारखे आहे. कादंबरीची गती मंद आहे आणि तिच्यातील हिंसेला जादूचे आवरण नाही. कलाकृती म्हणून ती पहिल्या कादंबरीइतकी एकसंध नाही, असे मत देण्यासही हरकत नाही. तरीही तिचे धैर्य मोठे आहे. आपण निर्माण केलेल्या जगाच्या नियमांना लेखिका स्वतःच प्रश्न विचारते आणि जुनी पुस्तके न बदलता, न पुसता त्यांच्यापुढे नवे पुस्तक ठेवते. कुमार वाचकालाही यातून कळते की, आवडत्या पुस्तकाशी भांडता येते आणि भांडूनही ते आवडते राहू शकते.

लेखनविषयक पुस्तकांची मर्यादा येथे स्पष्ट होते. वाक्याचा तोल शिकवता येतो, निवेदकाच्या ज्ञानाची सीमा शिकवता येते, अभ्यासाची शिस्त तर राजशेखराच्या काळापासून शिकवली जात आहे. अठरा वर्षांनी स्वतःच्याच जगात परतून त्यातील गृहीतके तपासण्याची वृत्ती मात्र कोणत्याही स्वाध्यायात बसत नाही. पण म्हणून तंत्राची पुस्तके निरुपयोगी ठरत नाहीत. लंपनचे मौन हे संतांच्या हाती असलेल्या निवेदनाच्या काटेकोर शिस्तीचे फळ आहे, आणि गेडची कहाणी पहिल्याच पानावर शेवट सांगण्याचे धाडस करते तेही निवेदकावरील हुकमतीच्या बळावर. ही हुकमत 'तंत्र' या शब्दाखाली मोडते, असे म्हणण्यात आता संकोच बाळगण्याचे कारण नाही.

पदव्युत्तर वर्गांत कथनमीमांसेच्या संज्ञा शिकवताना 'वनवास'मधील एखादी कथा कुमार वाचकाच्या बाजूने वाचून पाहिली, आणि त्याच तासाला तिचे एक पान तृतीयपुरुषी निवेदनात लिहून पाहण्यास सांगितले, तर दोन उपेक्षित वाङ्मयप्रकारांना एकदम न्याय मिळेल. लंपनचा आवाज गेल्यावर त्या पानातून आणखी काय काय नाहीसे होते, हे विद्यार्थ्यांना कोणी समजावून सांगावे लागणार नाही.